अष्ठीला ग्रंथीच्या कर्काचा प्रसार व ऊतक-विघटक एंझाइमे

अष्ठीला ग्रंथी ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाच्या आरंभाभोवती असलेली, साधारणपणे अक्रोडाएवढी ग्रंथी होय. बोलीत व वैद्यकीय व्यवहारात ती ‘प्रोस्टेट’ या नावाने ओळखली जाते. तिचा स्राव रेतात मिसळतो व त्यात निरनिराळी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी उत्प्रेरक प्रथिने) विपुल प्रमाणात असतात. या ग्रंथीतील कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊन उद्‌भवणारा कर्क जोवर ग्रंथीच्या आवरणाआत असतो तोवर तो बहुधा बरा करता येतो. तो आवरणाबाहेर पडून लसीका ग्रंथी व अस्थी यांमध्ये पोहोचला म्हणजे मात्र पूर्ण रोगमुक्ती सहसा साधत नाही. मूळ अर्बुदापासून दूरच्या अवयवात रोपण होऊन तयार झालेल्या अशा दुय्यम वाढीस ‘प्रक्षेप’ म्हणतात. कर्ककोशिकेला मूळ जागा सोडताना वाटेतील ऊतके भेदावी लागतात. हे भेदन ती कशी करते, या प्रश्नाचा शोध घेताना ऊतक-विघटक एंझाइमांचा इतिहास घडला. या इतिहासाचा विशेष असा की, ज्या एंझाइमांचा अभ्यास प्रथम शरीरक्रियाविज्ञानाच्या कुतूहलापोटी झाला त्यांपैकी काहींचा पुढे रोगनिदानासाठी उपयोग झाला, काहींविरुद्ध औषधे तयार करण्यात आली आणि त्या औषधांच्या अपयशामुळे मूळ सिद्धांतच नव्याने तपासावा लागला. [⟶ एंझाइमे, कर्करोग].

प्रारंभीच्या कल्पना : कर्काच्या दूरवरच्या प्रसाराला ‘मेटॅस्टॅसिस’ ही संज्ञा फ्रेंच वैद्य झोझेफ रेकामिये (१७७४–१८५२) यांनी १८२९ मध्ये वापरली. अष्ठीला ग्रंथीच्या कर्काचे सूक्ष्मदर्शकीय तपासणीवर आधारलेले पहिले वर्णन लंडन येथील शस्त्रक्रियाविशारद जॉन ॲडम्स यांनी १८५३ मध्ये केले व हा रोग अत्यंत विरळ असल्याचे नमूद केले. त्या काळी सरासरी आयुर्मान कमी होते, तसेच लघवी अडण्याच्या तक्रारीमागील कर्क व साधी वृद्धी यांत भेद करण्याची साधने नव्हती. हा रोग विरळ वाटण्यामागे ही दोन्ही कारणे होती. १८९१ मध्ये जर्मन विकृतिवैज्ञानिक फ्रीड्रिख फोन रेकलिंगहाउझेन यांनी या कर्काच्या अस्थींतील प्रक्षेपांचे वर्णन केले. इतर बहुतेक कर्क अस्थी पोखरतात, तर हा कर्क अस्थीत नवी, दाट परंतु सदोष अस्थिरचना निर्माण करतो, ही गोष्ट तेव्हापासून लक्षात आली.

प्रक्षेप ठराविक अवयवांतच का होतात, याविषयी दोन विचारधारा निर्माण झाल्या. इंग्रज शस्त्रक्रियाविशारद स्टीव्हन पॅजेट (१८५५–१९२६) यांनी स्तनकर्काने मृत झालेल्या ७३५ स्त्रियांच्या शवचिकित्सांच्या नोंदी तपासून १८८९ मध्ये ‘बीज व भूमी’ हा सिद्धांत मांडला. वाऱ्याबरोबर बीज सर्वत्र उडाले, तरी ते अनुकूल भूमीतच रुजते, तसेच कर्ककोशिकांचे असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. याउलट अमेरिकन विकृतिवैज्ञानिक जेम्स यूइंग यांनी १९२८ मध्ये रक्तवाहिन्यांची मांडणी व रक्तप्रवाहाची दिशा यांवरच प्रक्षेपांची जागा ठरते, असे मत मांडले. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये श्रोणीतील (ओटीपोटाच्या तळाकडील भागातील) नीला व पाठीच्या कण्याभोवतीचे नीलाजाल यांमधील झडपारहित संबंध दाखवून दिला. त्यामुळे अष्ठीला ग्रंथीचा कर्क कण्याकडे का जातो याचे यांत्रिक स्पष्टीकरण मिळाले. या दोन्ही विचारधारांत एक दुवा मात्र सुटलेला होता. बीज वाहून नेणारा प्रवाह आणि ते रुजविणारी भूमी यांचा विचार झाला, पण बीज मुळात फळाच्या सालीबाहेर पडते कसे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला होता.

एंझाइमांकडे लक्ष : ‘एंझाइम’ ही संज्ञा जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक व्हिल्हेल्म क्यूने (१८३७–१९००) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात रूढ केली. कर्काच्या संदर्भात प्रथिन-विघटनाचे महत्त्व ऊतकसंवर्धनाच्या (शरीराबाहेर पोषक माध्यमात ऊतके वाढविण्याच्या) तंत्रामुळे ध्यानात आले. डॅनिश शास्त्रज्ञ आल्बर्ट फिशर यांनी १९२५ मध्ये साकळलेल्या रक्तद्रवावर कोंबडीच्या मांसार्बुदाचे तुकडे वाढविले असता भोवतालचा साका विरघळत असल्याचे त्यांना आढळले. प्राकृत ऊतकाचे तुकडे तसेच ठेवले असता असा परिणाम दिसला नाही. अर्बुदाच्या कोशिका भोवतालचे प्रथिन विरघळवू शकतात, याचा हा प्रारंभीचा प्रायोगिक पुरावा होय. या परिणामामागील यंत्रणा मात्र सुमारे अर्धशतकानंतर स्पष्ट झाली. १९७३ मध्ये एडवर्ड राइख व त्यांच्या सहकाऱ्यांनी, व्हायरसामुळे रूपांतरित झालेल्या कोशिका रक्तद्रवातील निष्क्रिय प्लाझ्मिनोजेनाचे सक्रिय प्लाझ्मिनात रूपांतर करणारे एंझाइम स्रवतात, असे दाखविले.

अष्ठीला ग्रंथीपुरते पाहिल्यास एंझाइमांचा इतिहास १९३५ पासून सुरू होतो. त्या वर्षी जर्मनीत डब्ल्यू. कुचर व एच. व्होल्बर्ग्स यांना या ग्रंथीत अम्ल फॉस्फेटेज हे एंझाइम असाधारण प्रमाणात आढळले. पुढील वर्षी न्यूयॉर्क येथे अलेक्झांडर गटमन, एथेल गटमन व त्यांचे सहकारी यांना अस्थींतील प्रक्षेपांच्या जागीही तेच एंझाइम मिळाले. दूरच्या हाडात वाढणारी कोशिका आपल्या मूळ ग्रंथीची खूण बाळगून असते, हे त्यामुळे सिद्ध झाले. १९३८ मध्ये गटमन दांपत्याने प्रक्षेप झालेल्या रुग्णांच्या रक्तरसात या एंझाइमाची पातळी वाढते असे दाखविले. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्झ (१९०१–९७) व क्लॅरन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये वृषणोच्छेदन केल्यास किंवा स्त्रीमदजन हॉर्मोन दिल्यास प्रक्षेपित कर्काला उतार पडतो असे दाखविले. त्यांनी हा उतार मोजला तो रक्तरसातील फॉस्फेटेजांच्या पातळीवरूनच. या कार्याबद्दल हगिन्झ यांना १९६६ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुं-हॉर्मोनांचा प्रभाव काढून घेणे हा प्रक्षेपित कर्कावरील उपचाराचा पाया त्यानंतर आजतागायत कायम आहे. वृषणोच्छेदन ही शस्त्रक्रिया कमी खर्चाची व एकदाच करावी लागणारी असल्याने भारतात तिचे महत्त्व टिकून आहे.

अम्ल फॉस्फेटेज स्वतः ऊतक विघटित करीत नाही. ते रोगाचे केवळ निदर्शक होय. तथापि हगिन्झ यांनीच १९४२ मध्ये अष्ठीला ग्रंथीच्या स्रावात साकळलेले रेत पातळ करणारी प्रथिन-विघटक एंझाइमे असल्याचे दाखविले. १९५२ मध्ये एच. जे. टॅग्नॉन, डब्ल्यू. एफ. व्हिटमोर व एन. आर. शुलमन यांनी प्रक्षेपित कर्काच्या काही रुग्णांमध्ये रक्तातील फायब्रिनाचे (रक्ताच्या साक्यातील तंतुमय प्रथिनाचे) विघटन होऊन रक्तस्राव होत असल्याचे वर्णन केले. अशा रीतीने ग्रंथीच्या प्राकृत कार्यासाठी असलेली विघटनशक्ती कर्काच्या अवस्थेत चुकीच्या जागी प्रकट होते, ही कल्पना पुढे आली.

आधारपटलाचे भेदन : अष्ठीला ग्रंथीच्या प्राकृत नलिकांत स्रावक कोशिकांच्या थराखाली तल-कोशिकांचा एक थर असतो व त्याखाली आधारपटल हे पातळ, चिवट अस्तर असते. चौथ्या प्रकारचे कोलॅजेन, लॅमिनिन व काही शर्करायुक्त प्रथिने यांचे ते बनलेले असते. कर्कपूर्व अवस्थेत विकृत कोशिका नलिकेतच राहतात. तल-कोशिकांचा थर नाहीसा होऊन त्या आधारपटलापलीकडे गेल्या म्हणजे आक्रमक कर्क झाला, असे विकृतिवैज्ञानिक मानतात. रोगाच्या वाटचालीतील ही पहिली सीमा होय. त्यापुढे आधारद्रव्य, ग्रंथीचे आवरण, तंत्रिकांभोवतालची जागा आणि रक्तवाहिन्यांची अस्तरे या सीमा येतात.

कोलॅजेन हे शरीरातील अत्यंत टिकाऊ प्रथिन असून सामान्य पाचक एंझाइमांना ते सहसा दाद देत नाही. प्राण्यांच्या शरीरात त्याचे विघटन करणारे एंझाइम जेरोम ग्रोस व शार्ल लाप्येर यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या डिंभावर प्रयोग करताना शोधले. डिंभाचे बेडकात रूपांतर होताना त्याची शेपटी नाहीशी होते ती या कोलॅजेनेजामुळे. ऊतक-विघटन ही मुळात वाढ, रूपांतर व जखम भरून येणे यांसाठी आवश्यक अशी प्राकृत क्रिया आहे, हे या शोधाने अधोरेखित केले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील लान्स लिओटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये उंदरांच्या अर्बुदांवर प्रयोग केले. कोशिकांची प्रक्षेपक्षमता जितकी अधिक, तितकी त्यांची आधारपटलातील चौथ्या प्रकारचे कोलॅजेन तोडण्याची शक्ती अधिक, असा संबंध त्यांना आढळला. पुढे त्यांनी आक्रमणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : कोशिकेचे आधारपटलाला चिकटणे, एंझाइमांनी त्याचे स्थानिक विघटन करणे आणि झालेल्या छिद्रातून कोशिकेने पुढे सरकणे. याच सुमारास, १९८१ मध्ये, बॉनी स्लोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅथेप्सिन-बी या एंझाइमाचाही प्रक्षेपक्षमतेशी संबंध दाखविला. प्रयोगांसाठी लागणाऱ्या अष्ठीला ग्रंथीच्या मानवी कर्ककोशिकांचे वंशही याच काळात उपलब्ध झाले. त्यांपैकी डीयू-१४५ मेंदूतील, पीसी-३ अस्थीतील व एलएनकॅप लसीका ग्रंथीतील प्रक्षेपापासून मिळविलेला होता. म्हणजे ज्या कोशिकांवर या विषयाचे बहुतेक ज्ञान आधारलेले आहे, त्या सर्व सीमा ओलांडून गेलेल्या कोशिका होत्या. हा मुद्दा निष्कर्ष काढताना विसरता येत नाही.

एंझाइमांची कुले : ऊतक-विघटक एंझाइमांची चार कुले या कर्काच्या संदर्भात विशेष अभ्यासली गेली आहेत. पहिले कुल मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेजांचे (संक्षेपाने एमएमपी). यांच्या क्रियास्थानी जस्ताचा अणू असतो. मानवात यांचे वीसहून अधिक प्रकार ज्ञात असून ती निष्क्रिय पूर्वरूपात तयार होतात. त्यांपैकी एमएमपी-२ व एमएमपी-९ चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनावर क्रिया करतात. १९९४ मध्ये जपानमधील एच. सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोशिकेच्या पृष्ठभागावर रोवलेले एक एमएमपी शोधले. ते एमएमपी-२ च्या पूर्वरूपाला कोशिकेच्या पृष्ठावरच सक्रिय करते. त्यामुळे विघटन सर्वत्र न होता कोशिकेच्या पुढच्या टोकाशी, नेमक्या जागी कसे होते, याचा उलगडा झाला. या एंझाइमांना आवर घालणारी नैसर्गिक निरोधक प्रथिनेही शरीरात असतात आणि दोहोंच्या तोलावर ऊतकाची स्थिती अवलंबून असते.

दुसरे कुल प्लाझ्मिन व त्याला सक्रिय करणारे यूरोकायनेज यांचे आहे. तिसऱ्या कुलात कोशिकांतर्गत पचनासाठी असलेली कॅथेप्सिने येतात. कर्कात ती कोशिकेबाहेरही आढळतात. चौथे कुल कोशिकापटलात रोवलेल्या सेरीन प्रथिन-विघटकांचे. यांतील हेप्सिनाचे जनुक अष्ठीला ग्रंथीच्या कर्कात अतिक्रियाशील असते, असे २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठातील एस. एम. धनसेकरन, अरुल चिन्नय्यन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. २००४ मध्ये ओल्गा क्लेझोव्हिच व इतरांनी उंदराच्या अष्ठीला ग्रंथीत हेप्सिन वाढविले असता आधारपटल विस्कळीत झाले. कर्काची प्रवृत्ती असलेल्या उंदरांत तर दूरवर प्रक्षेप झाले. आधारपटलाच्या भेदनात एंझाइमाची भूमिका कारणाची असते, केवळ सोबतीची नसते, याचा हा महत्त्वाचा पुरावा मानला जातो. याच कुलातील टीएमपीआरएसएस-२ या पुं-हॉर्मोन-नियंत्रित एंझाइमाच्या जनुकाचा एक भाग ईआरजी या जनुकाशी जोडला गेल्याचे अनेक रुग्णांच्या कर्ककोशिकांत आढळते. हा शोध चिन्नय्यन यांच्याच गटाने २००५ मध्ये लावला.

पीएसए : या कर्काच्या निदानात ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले आहे, ते अष्ठीला-विशिष्ट प्रतिजन (पीएसए) हेही एक प्रथिन-विघटक एंझाइम होय. रेतातील किंवा ग्रंथीतील अशा प्रतिजनांची वर्णने जपानमध्ये एम. हारा व अमेरिकेत रिचर्ड ॲब्लिन यांनी १९७० च्या सुमारास केली होती. १९७९ मध्ये मिंग वांग, टी. मिंग चू व त्यांच्या सहकाऱ्यांनी बफलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत ते ग्रंथीच्या ऊतकापासून शुद्ध स्वरूपात मिळविले व पुढील वर्षी ते रुग्णांच्या रक्तरसात ओळखले. हे एंझाइम रेत साकळविणारे सेमिनोजेलिन हे प्रथिन तोडून रेत पातळ करते, असे स्वीडनमधील हान्स लिल्या यांनी १९८५ मध्ये दाखविले. ही पातळी रोगाच्या मागोव्यासाठी वापरण्यास अमेरिकेत १९८६ मध्ये व रोग हुडकण्यासाठी १९९४ मध्ये मान्यता मिळाली.

रक्तातील पीएसए वाढते याचा अर्थ कर्ककोशिका ते अधिक तयार करते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कर्ककोशिका बहुधा प्राकृत कोशिकेइतके किंवा त्याहून कमी पीएसए तयार करते. प्राकृत ग्रंथीत ते नलिकेच्या पोकळीत स्रवते आणि तल-कोशिका व आधारपटल यांच्या बांधामुळे रक्तात जवळजवळ उतरत नाही. हा बांध फुटला की ते रक्तात झिरपू लागते. अर्थात रक्ताच्या नमुन्यातील पीएसए हे मुख्यतः ऊतकसीमा मोडल्याची खूण आहे. साधी वृद्धी व ग्रंथीचा दाह यांतही ती खूण उमटते. म्हणून केवळ पातळीवरून कर्काचे निदान करता येत नाही आणि ऊतकाचा तुकडा काढून त्याची तपासणी करावी लागते. रक्तात आलेले बहुतेक पीएसए एका निरोधक प्रथिनाशी जखडले जाऊन निष्क्रिय होते. ग्रंथीच्या स्रावातही जस्तामुळे त्याला आवर बसतो. अर्बुदाच्या निकटच्या ऊतकात मात्र ते सक्रिय राहू शकते. तेथे ते वाढ-घटकांना बांधून ठेवणारी प्रथिने तोडून कर्काच्या वाढीस हातभार लावत असावे, असे प्रायोगिक पुरावे आहेत.

महाराष्ट्रातील कार्य : कर्कसंशोधनाची भारतातील परंपरा प्रामुख्याने मुंबईत निर्माण झाली. टाटा स्मारक रुग्णालय परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले व त्याच्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी सांभाळली. त्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. तेथे कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. फिशर यांनी ज्या तंत्राने अर्बुदाची विघटनशक्ती पाहिली, ते तंत्र अशा रीतीने महाराष्ट्रात रुजले. हे केंद्र व रुग्णालय १९६६ मध्ये टाटा स्मारक केंद्रात एकत्र आले आणि २००२ पासून संशोधनाचा मोठा भाग खारघर येथील प्रगत केंद्रात चालतो.

प्रस्तुत विषयाशी थेट संबंध असलेले कार्य मात्र परळ येथीलच दुसऱ्या एका संस्थेत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रजननविषयक संशोधन संस्थेत झाले. तेथे ए. आर. शेठ व त्यांचे सहकारी मानवी रेतातील प्रथिनांचा अभ्यास पुरुष-वंध्यत्व व संततिनियमन यांच्या संदर्भात करीत होते. १९८४ मध्ये त्यांनी कॅनेडियन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने ९४ ॲमिनो अम्लांच्या एका बहुपेप्टाइडाची रचना प्रसिद्ध केली. पोष ग्रंथीतून स्रवणाऱ्या पुटकोद्दीपक हॉर्मोनाला ते आवर घालते असे आढळल्याने त्याला इन्हिबिनाचा गुणधर्म असलेले प्रथिन मानण्यात आले. जनन ग्रंथींतील खरे इन्हिबिन त्याहून वेगळे असल्याचे नंतर निश्चित झाले. तथापि हे प्रथिन अष्ठीला ग्रंथीच्या तीन प्रमुख स्रावी प्रथिनांपैकी (पीएसए व अम्ल फॉस्फेटेज ही इतर दोन) एक असून ते पीएसपी-९४ या नावाने प्रसिद्ध झाले. कर्क जसजसा आक्रमक होतो तसतसे त्याचे प्रमाण घटते. १९९० च्या दशकात त्याने कर्ककोशिकांची वाढ खुंटते असे प्रयोगांत आढळले. त्याच्या ३१ ते ४५ या ॲमिनो अम्लांच्या तुकड्यापासून कॅनडात एक औषध तयार करण्यात आले. या तुकड्यामुळे एमएमपी-९ चे स्रवण कमी होते असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. आधी एमएमपी-९ ची पातळी वाढलेल्या प्रक्षेपित कर्काच्या रुग्णांवरील प्रारंभिक चाचणीचे निष्कर्षही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ते औषध उपचारात रूढ झाले नाही. २००८ मध्ये झालेल्या व्यापक आनुवंशिक अभ्यासांत मात्र या प्रथिनाच्या जनुकालगतचा एक भेद या कर्काच्या वाढत्या धोक्याशी निगडित असल्याचे आढळून आले. संततिनियमनाच्या शोधातून हाती आलेले प्रथिन अशा रीतीने कर्काच्या प्रसाराच्या अभ्यासात येऊन पोहोचले.

अस्थींतील प्रक्षेप : पॅजेट यांच्या ‘भूमी’चा अर्थ अस्थींच्या बाबतीत अधिक स्पष्ट झाला आहे. अस्थी घडविणाऱ्या व अस्थी विरघळविणाऱ्या कोशिकांचे कार्य अखंड चालू असते. अष्ठीला ग्रंथीच्या कर्कात घडविण्याची बाजू वरचढ दिसत असली, तरी विरघळण्याची क्रियाही वाढलेली असते. २००५ मध्ये कॉनर लिंच, लिन मॅट्रिझियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएमपी-७ हे एंझाइम अस्थिघडणाऱ्या कोशिकांच्या पृष्ठावरील ‘रँक-लायगंड’ हे प्रथिन तोडून मोकळे करते व त्यामुळे अस्थिभंजक कोशिका उत्तेजित होतात, असे दाखविले. ज्या कोशिका हे एंझाइम अस्थीत सोडतात त्यांत स्वतः अस्थिभंजक कोशिकांचाही समावेश असतो. म्हणजे कर्क यजमान ऊतकाकडूनच आपले काम करवून घेतो. रँक-लायगंडाला रोखणारे डेनोसुमॅब हे औषध २०१० पासून उपयोगात आले. त्याने प्रक्षेपांमुळे होणारे अस्थिभंग व मज्जारज्जूवरील दाब यांसारखे उपद्रव लांबणीवर पडतात.

निरोधक औषधांचा अनुभव : एंझाइमे रोखली की कर्क जागीच अडेल, या आशेने १९९० च्या दशकात एमएमपी-निरोधक औषधे तयार झाली. बॅटिमास्टॅट, मॅरिमास्टॅट व प्रिनोमास्टॅट ही त्यांतील प्रमुख होत. प्रिनोमास्टॅटाची चाचणी हॉर्मोन-उपचाराला न जुमानणाऱ्या अष्ठीला ग्रंथीच्या कर्कावरही घेण्यात आली, पण रसायनोपचाराच्या जोडीने देऊनही त्याचा लाभ दिसला नाही. मॅरिमास्टॅटामुळे रुग्णांना खांदे व इतर सांध्यांत तीव्र वेदना होत. २००२ मध्ये लिसा कूसेन्स, बार्बरा फिंगल्टन व लिन मॅट्रिझियन यांनी या सर्व चाचण्यांचा आढावा घेऊन अपयशाची मीमांसा केली.

या अपयशाची कारणे तीन प्रकारची आहेत. एक म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगांत औषध रोगाच्या प्रारंभी दिले गेले होते, तर रुग्णांना ते प्रक्षेप होऊन गेल्यावर मिळाले. चोर घराबाहेर पडल्यावर दाराला कुलूप लावण्यासारखेच ते झाले. दुसरे म्हणजे ही औषधे सर्वच एमएमपींना सरसकट रोखत, परंतु त्यांतील काही शरीराच्या बाजूने लढणारी असतात. एमएमपी-८ नसलेल्या उंदरांत त्वचेची अर्बुदे अधिक होतात, असे २००३ मध्ये आढळले. अष्ठीला ग्रंथीच्या कर्काच्या उंदरांतील एका प्रतिकृतीत एमएमपी-२ च्या अभावी प्रक्षेप घटले, तर एमएमपी-९ च्या अभावी रक्तवाहिन्यांभोवतालचे आक्रमण वाढले, असे २०१० मध्ये दिसून आले. तिसरे म्हणजे एंझाइमे रोखली तरी कर्ककोशिका थांबतेच असे नाही. कातारिना वोल्फ व पीटर फ्रीडल यांनी २००३ मध्ये दाखविल्याप्रमाणे अशा वेळी ती अमीबाप्रमाणे आकार बदलून तंतूंमधील फटींतून निसटते. लिओटा यांची त्रिपायरी त्यामुळे खोटी ठरली नाही. ती कोशिकेपुढील अनेक मार्गांपैकी एकाचे वर्णन आहे, एवढे मात्र निश्चित झाले. एंझाइमे आधारद्रव्यात बांधलेले वाढ-घटक व रक्तवाहिनी-उद्दीपक द्रव्ये मोकळी करतात, हे त्यांचे कार्य आता भेदनाइतकेच महत्त्वाचे मानले जाते.

एंझाइम रोखण्यापेक्षा त्याचा खूण म्हणून उपयोग करणे अधिक फलदायी ठरले आहे. या कर्ककोशिकांच्या पटलावर विपुल असणारे पीएसएमए हे प्रथिनदेखील एक एंझाइम आहे. त्याला चिकटणाऱ्या रेणूस किरणोत्सर्गी अणू जोडून प्रक्षेपांची चित्रे घेता येतात व ल्युटेशियम-१७७ जोडून उपचारही करता येतात. हे समस्थानिक तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार केले जाते आणि परळ येथील किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात असे उपचार करण्यात आले आहेत.

मराठवाड्यातील संदर्भ : रोगाचा प्रसार प्रयोगशाळेत समजला तरी लोकसंख्येत तो किती आहे हे नोंदींवाचून कळत नाही. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत सुरू केली. १९७८ मध्ये तिची शाखा औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे निघाली. त्यामुळे महानगराबाहेरच्या मराठवाड्यातील एका शहराची आकडेवारी दीर्घ काळ उपलब्ध झाली. त्या शहरात १९५६ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे ‘घाटी’ या नावाने सर्वपरिचित असलेले रुग्णालय आहे. राज्य शासनाने २०१२ मध्ये तेथे स्वतंत्र कर्करोग रुग्णालय सुरू केले. मराठवाडा व लगतच्या जिल्ह्यांतील रुग्णांना त्यामुळे मुंबईची वाट धरण्याची गरज कमी झाली.

नोंदणी अवयवानुसार होते, एंझाइमानुसार होत नाही. तरीही या दोन अभ्यासांचा मेळ एका ठिकाणी बसतो. ऊतक-विघटनाच्या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष असा की, आधारपटल व ग्रंथीचे आवरण या सीमांच्या आत रोग सापडणे हाच आजवरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. सीमा ओलांडल्यानंतर कोशिकेला अडविणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. लघवीचा त्रास हे म्हातारपणाचे लक्षण व कंबरदुखी हा शेतीतील कष्टांचा परिणाम, असे समजून अनेक वयस्क पुरुष वैद्याकडे जात नाहीत आणि कण्यात प्रक्षेप झाल्यावरच रोग उघडकीस येतो. पन्नाशीनंतर लघवीची तक्रार, लघवीतून रक्त जाणे किंवा विश्रांतीनेही न थांबणारी पाठदुखी असल्यास तपासणी व वैद्याच्या सल्ल्याने पीएसएची चाचणी करून घेणे इष्ट असते. लक्षणे नसलेल्या सर्वच पुरुषांची सरसकट चाचणी करावी की नाही याविषयी तज्ञांत मतभेद आहेत. अनेक कर्क इतके मंद असतात की ते आयुष्यभर आपल्या सीमेबाहेर पडत नाहीत आणि त्यांवरील अनावश्यक उपचारांचे दुष्परिणामच रुग्णाला भोगावे लागतात. कोणता कर्क सीमा ओलांडेल व कोणता ओलांडणार नाही हे आधीच ओळखता येणे, हा या संशोधनापुढील मुख्य प्रश्न आहे. ऊतक-विघटक एंझाइमांच्या अभ्यासाचे भावी महत्त्वही बहुतांशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.